माझ्या केसांना हात

मी लक्ष्मी, सिद्दी, म्हंजे कधीकाळी आफ्रिकेतनं आणलेल्या माणसांची लेक. गुंजीच्या पलीकडं रानात आमची वाडी, आज्या-पणज्याच्या आधीपासनं तिथंच, आन तरीबी मच्छे गावाच्या बसमधी कोण ना कोण विचारतंयच, कुठल्या देशाची गं तू. मी म्हणते गुंजीची, तर म्हणत्यात, न्हाय, खरं सांग. आता ह्यापेक्षा खरं काय सांगू तुम्हाला? मराठी बोलते, कन्नड बोलते, घरात आमची कोंकणी.

लगीन करून मच्छ्यात आले आन इथल्या कारखान्यात लागले. मशीनचे बारके पार्ट पुसायचे, तेल लावायचं, खोक्यात भरायचं. शेडमधी सगळ्या बायकाच. बायका वाईट न्हाईत हं, डब्यातली भाजी देणार, पोरगी आजारी पडली तर माझं काम वढणार. पण केस! येता-जाता डोक्यात हात घालणार, लोकरीगत लागतंय गं, ह्यात पाणी तरी मुरतंय काय गं. एकीनं तर हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना बोलवून बोलवून दाखवलं. मी हसून घेतलं. रोज कुणाकुणासंगं भांडायचं? म्हणून मग स्कार्फ बांधायला लागले.

माझ्या शेजारच्या टेबलावर सुनंदा, वडगावची. मागं एकदा सुपरवायझरनं तिचा हात धरला, तवा बायकांच्या संघटनेच्या शैलाआक्का आल्या, काम बंद, सगळ्याजणी गेटवर. माझा आवाज मोठा म्हणून मला फुडं केलतं, घोषणा देऊन देऊन घसा बसला माझा. त्या माणसाला काढला. लई बरं झालं, आजबी म्हणते.

मग त्याच्या जागी हा नवा सुपरवायझर आला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मागनं आला, माझा स्कार्फ वढला, केसात मूठ घातली, डोकं मागं खेचलं आन म्हणतोय कसा, बघू, ह्या तारंनं भांडी निघत्यात काय. आख्खी शेड हसली. सुनंदाबी हसली, तोंडात घास होता तिच्या.

शैलाआक्कांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, केसांनाच तर हात लावला, चेष्टा केली असंल, आम्हीबी लावतोच की मायेनं. आन ह्यात रंग, जात काय आणू नकोस, बाई म्हंजे बाई, आपण सगळ्या एकच. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, एकच व्हय? मग सुनंदाचा हात धरला तो अत्याचार आन माझं डोकं वढलं ती चेष्टा, हे कुठनं आलं? तिच्या केसात मूठ घातली असती तर तुम्ही गेट मोडून आत आला असता की. त्याला एवढं धाडस आलं कुठनं? तुम्हा सगळ्यांचे हात आधीच माझ्या डोक्यात पोचलेले, ते बघूनच आलं. घोषणा द्यायच्या तवा मी बाई, आन माझ्यावर आलं की मी सिद्दी. त्यांचा चहा तसाच ठेवून उठले.

कंपनीच्या कमिटीत एकटीनं तक्रार दिली. साक्षीदार आणा म्हणाले. सगळ्यांनी बघितलेलं, तयार एकबी न्हाय. आन वर आक्कांचा फोन, महिला दिनाला तुमच्यातल्या बायका घेऊन ये, कमरंला पाला बांधून नाचा, लोकांना लई आवडतंय. लाज कशी वाटत न्हाय गं माणसांना!

गेले मी. एकटी, साडी नेसून, डोक्याला काय बी न बांधता. माईक हातात घेतला आन म्हटलं, "जिनं मला न इचारता माझ्या केसांना हात लावलाय, तिनं हात वर करा."

एक हात वर झाला न्हाय. आक्का खाली बघत बसल्या. मग कुणीतरी माईक काढून घेतला आन गाणं लावलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा घरी आली, दारातच रडाय लागली. मी म्हटलं, रडू नको, साक्ष दे. देते म्हणाली. मग विचारते, लक्ष्मी, तवा तू काय करत होतीस म्हणून इचारलं तर काय सांगू गं, जेवत होते म्हणून सांगू?

म्हटलं, "हसत होते म्हणून सांग."

डोळे पुसून तशीच घरला गेली. तवापासनं कामावर माझ्यासंगं एक शब्द बोललेली न्हाय. उद्या साक्ष हाय तिची. खरं बोलली तर देव तिचं भलं करो, तिच्या लेकरांचं भलं करो, मनापासनं म्हणते. आन न्हाय बोलली तर मी सांगणार हाय, तिच्यासमोर, तिचं नाव घेऊन.