दारूकोठाराचा राखणदार

टाळकरी, हात जरा थांबवा. मंडळी, एक विचारतो — ज्याच्या हाती अख्खा गड सोपवायचा, तो माणूस कसा असावा? कधीच न घसरलेला? असा कुठे सापडला तर मलाही दाखवा, पाया पडेन! आणि एकदा घसरला त्याला दारातही उभं करायचं नाही का? ऐका.

धुमाळगडावर दारूकोठाराला राखणदार हवा होता. दारू म्हणजे तोफेची बरं का — मागच्या रांगेनं उगाच माना उंचावू नयेत! एक ठिणगी पडली की गड आभाळात. किल्लेदार अंतोबा नाईकांनी धारोजी काटकराला बोलावलं. धिप्पाड गडी, हत्यार चालवण्यात तरबेज. पण नाईकांनी हत्याराचं काही विचारलंच नाही. म्हणाले, "आजवर काय वाईट केलंस? आणि कुणाचं देणं आहे?"

धारोजी खोटं बोलला असता तर कोण बघायला जाणार होतं? पण तो म्हणाला, "ताडी पिऊन थोरल्या भावाचं डोकं फोडलंय. जुगारात हरलो, त्यापायी सावकाराचं कर्जही आहे."

नाईकांनी भावालाच गडावर आणवलं. कपाळावर व्रण तसाच! भाऊ म्हणाला, "फोडलं, खरंय. पण मी अंथरुणावर होतो तोवर माझं रान यानंच नांगरलं. त्या दिवसापासून ताडीला शिवला नाही. नाईक, माझी पोरं मी याच्या भरवशावर ठेवतो."

"मग ते पाप फिटलं," नाईक म्हणाले. "पण कर्ज जिवंत आहे, धारोजी. कर्जात बुडालेल्याला विकत घेणारा कधीही भेटतो. ते फेड, मग ये."

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? खरं बोललो ते चुकलंच, असं पुटपुटत गड उतरलो असतो! धारोजीचेही डोळे भरले. पण तो तटाच्या कामावर दगड वाहू लागला. हाती पडेल ते सावकाराला.

पुढे एकदा पायथ्याच्या बाजारात एक घोड्यांचा व्यापारी त्याच्याजवळ आला. बोलायला गोड. "तुझं सगळं देणं मी भागवतो. कोठार कुठल्या अंगाला आहे, तेवढं सांग."

धारोजीला सोलवटलेले खांदे आठवले, घरची चूल आठवली — मोह झाला हो! खोटं कशाला सांगू? पण "उद्या सांगतो" म्हणाला आणि तडक नाईकांकडे गेला. दुसऱ्या दिवशी व्यापारी धरला. शत्रूचा हेर निघाला.

नाईकांनी किल्ली पुढे केली. "घे. आता कसली परीक्षा?"

धारोजीनं हात मागे घेतला. "नाईक, काल क्षणभर माझं मन हललं होतं. देणं अजून आहे. तुमचा नियम खरा आहे, माझ्यासाठी मोडू नका."

आणि गडी पुन्हा दगडाला भिडला! काय म्हणावं या माणसाला? सारं देणं फिटलं, तेव्हाच तो किल्ली मागायला आला. नाईकांनी उठून, दोन्ही हातांनी ती त्याला दिली.

मंडळी, मोठी जागा मागायला आपण सारेच पुढे. पण चालून आलेली जागा समोर असताना, "थांबा, मी अजून हिला लायक नाही," असं आपल्यातलं कोण म्हणेल? मला उत्तर देऊ नका. घरी जाताना वाटेत कुणाशी बोलू नका, आणि हे स्वतःलाच विचारा.