अर्धी एन्ट्री माह्या स्क्रीनवर होती

जयभीम सगळ्यायले. वैनी, दादाच्या शोकसभेत बोलाले उभी राहिली मी. सातवी शिकली मी, भाषण मले जमत नाई. दोनच शब्द हायेत. पण चार महिन्यांपासून सांगाचे राहिले हायेत.

आपले प्रल्हाददादा. वाडीच्या आपल्या गोडाऊनचे कंप्युटर तेच पाहत. जेवणाच्या सुट्टीआधी कालच्या मालाची यादी खाली करत, म्हंजे सगळी पुसून टाकत. पह्यले ओरडत, 'स्क्रीन सोडा वं पोरीहो!' आपण एकेक जण यादीतून बाहेर निघून म्हणत होतो, 'सोडली!' सगळ्यायचा आवाज आला, मंगच बटन दाबत.

त्या दिवशी शेजारणीचा फोन आला. माही पोरगी तापानं डोळे फिरवून राहिली म्हणे. माही एन्ट्री अर्धी होती. दादानं आवाज देल्ला. मी म्हटलं, 'सोडली!' आन् फोन घेऊन बाहेर पळाली. सोडली नव्हती, लोकहो. सोडली नव्हती.

परत आली तं सारे स्क्रीन ठप्प. ट्रकवाले हॉर्न मारून राहिले, साहेब चिल्लावून राहिले. दादा माह्याजवळ आले. हळूच म्हणे, 'पोरी, यादी एकदम खाली करणं म्हणजे खोली धुणं. सगळे बाहेर पाहिजेत. तू आत बसली, मी बादली घेऊन दारात उभा. आता माह्या मागचं कोणीच आत जाऊ शकत नाई.'

मी म्हटलं, 'मंग एकेक ओळ काहून नाई पुसत, दादा?'

हासले. 'तसं केलं तं बाकीच्यायचं काम चालू राहते. पण पुसता पुसता संध्याकाळ होते वं.'

माही स्क्रीन त्यायनंच बंद केली. काम चालू झालं. साहेबानं विचारलं, गलती कोणाची? मी तोंड उघडलं, पण दादा पह्यले बोलले. 'माही. न पाहता चालवलं.'

दुसऱ्या दिवशी दादाले कंप्युटरवरून काढलं, माल उतरवाले लावलं. पोरं चिडवत, 'काहो इंजिनियर, आज काय बंद पाडता?' मी ऐकत होती. चूप होती. काहून? माह्या एकटीच्या कमाईवर पोरगी हाय. भ्याली मी. आन् दादा मलेच विचारत, 'पोरीचा ताप उतरला का वं?'

परवा सकाळी छातीत दुखलं आन् दादा गेले. काल अंत्ययात्रेतही कोणी तरी म्हणे, 'कामात चुकला होता बिचारा.'

साहेब, तुमी समोर बसले हा. भेव लागून राहिलं, तरी सांगते. दादा चुकले नव्हते. ती गलती माही. उद्या मले गेटातून आत घ्याचं का नाई, तुमी पाहा. मी येईन.

वैनी, मले आज माफ नका करू. पोरायले मात्र सांगा, बाप चुकला नव्हता.

जयभीम, दादा. आता सगळे उभे राहा, दोन मिनिटं शांत राहू. साहेब, तुमी बी.