फणी सगळ्या डोक्यांवरून

नाव माझं द्वारका, पण बाजारात या नावानं हाक मारली तर मी वळून बघणार न्हाई. फणीवाली म्हणा, लगेच बघते. नेवाशाच्या बाजारात टपरी हाय माझी, फण्या, कंगवे, रिबिनी, पिना, आरसे, सगळं. आधी गोणपाटावर बसायचे, उन्हात, मग चार बांबू रोवले, मग वर पत्रा आला, कुणी उभं केलं न्हाई मला, माझी मी उभी राहिले. आणि तोंडानं फटकळ हाय हे आधीच सांगून ठेवते. बाई माल हातात घेऊन नाक मुरडायला लागली की मी फणी हिसकून घेते, म्हणते ठेव खाली, तुझ्या उवांना परवडायची न्हाई ही. मग तीच बाई सगळा बाजार फिरून माझ्याकडंच येते आणि गुमान घेऊन जाते. काय सांगू ताई तुमाला, आसपासच्या गावांत एक घर दाखवा जिथं माझी फणी न्हाई. एक हाय. म्हणजे या उन्हाळ्यापर्यंत हुतं, माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून. माझी थोरली जाऊ राहते तिथं.

ते सांगते, पण आधी आईचं सांगते, त्याबिगर हे कळायचं न्हाई.

माझं माहेर जामखेडच्या अंगाला, सगळं माळरान. सण झाला की गाव रिकामं व्हायचं, माणसं ऊसतोडीला, आणि आमी तिघी बहिणी बैलगाडीत भांड्याकुंड्यांवर बसून आई-बापाबरोबर कारखान्याला. पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याची झोपडी, खाली पाचट, वर पाचट, आणि डोक्यात उवा. सगळ्यांच्याच डोक्यात. थंडी जशी सगळ्यांना तशा उवा सगळ्यांना, त्यात लाजायचं काय हे आमाला ठाऊकच न्हवतं. आईला वेळ कुठला, अंधार असतानाच फडात जायची, आली की चूल, चूल झाली की गाडी भरायला. तिचा हात सदा कोयत्याला नायतर मोळीला. पण कारखान्यात काही मोडलं आणि तोड थांबली की आमी पोरी खूश. आई कोपीसमोर उन्हात पाय पसरून बसायची आणि आमाला एकेकीला ओढायची. नुसतं आमाला न्हाई, शेजारच्या कोप्यांतल्या बाया, म्हाताऱ्या, सगळ्या. बापाला बी सोडायची न्हाई. बाप म्हणायचा मला कशाला, तीन केस हायेत माझे. आई म्हणायची तीन केसांवर तीन लिखा बसत्यात, या पुढं. बाया एकीमागं एक बसायच्या, पुढचीच्या डोक्यात मागचीचे हात, तिच्या डोक्यात तिच्या मागचीचे, अशी माळ लागायची उन्हात, आणि बोलणं चालू, कुणाच्या सासूचं, कुणाच्या बैलाचं, कुणाचं काय. आणि मधी मधी टक्. नखावर नख. टक्.

आईचा एकच कायदा. एक डोकं बघायचं ठेवलं की सगळी डोकी ठेवली. फणी फिरवायची तर सगळ्या डोक्यांवरून आणि एकाच दिवशी, मग ती म्हातारी असो, पाहुणी असो नायतर मुकादमाची बायको असो. आज हिचं आणि उद्या तिचं केलं तर उवा काय, या ओसरीवरून त्या ओसरीवर जात्यात पाहुण्यासारख्या.

एक गंमत सांगते. डोकी साफ झाली की बहिणी खेळायला पळायच्या, आणि मला वाईट वाटायचं. आता आई परत हात लावायची न्हाई, परत कारखाना कधी बंद पडतोय कुणाला ठाऊक. मग मी खोटंच खाजवायचे. आई, बघ गं, अजून एक हाय. आई बघायची. काहीच नसायचं, पण ती म्हणायची व्हय गं, सापडली, आणि मोकळ्या नखांनी टक् वाजवायची. मला ठाऊक हुतं तिला ठाऊक हाय. त्या हातांना उसाच्या पाल्याचा वास यायचा. आता कुठं रसाचं गुऱ्हाळ दिसलं तरी मी थांबते, रस पीत न्हाई, नुसती थांबते.

तर अशी मी, माळरानावरची, कोपीतली, आणि लगीन होऊन आले इकडं नेवाशाच्या बाजूला, पाण्याच्या गावात. घर चांगलं. थोरलीचं माहेर नदीकाठचं, तिचा वेगळाच तोरा. केस तिचे गुडघ्यापर्यंत, खोटं सांगत न्हाई, न्हाऊन अंगणात उभी राहिली की येणाजाणारा बघायचा. मी तिला आक्का म्हणायचे. आणि त्या घरात न्हाण्याचे नियम किती! सोमवारी लेकाच्या आईनं डोक्यावरून पाणी घ्यायचं न्हाई, बुधवारी भाऊ असलेल्या बाईनं घ्यायचं न्हाई, शनिवार चालत न्हाई, अमावास्या चालत न्हाई. सासूचा वार वेगळा, थोरलीचा वेगळा, मला भाऊ न्हाई म्हणून माझा बुधवार. आमच्या फडावर वार कुठले? तोड थांबली तो वार. मग या घरात एकदा उवा शिरल्या त्या शिरल्याच, एकीचं डोकं साफ तर दुसरीचं भरलेलं. मी म्हणले आक्का, सगळ्यांनी एकाच दिवशी बसू, तुमी बी बसा, मी बघते. तिनं पदर असा डोक्यावर घट्ट केला आणि म्हणली, माझ्या डोक्यात कधी ऊ पडली न्हाई. मी काय कोपीतली हाय?

झोंबलं, पण गिळलं. नवी हुते.

पुढं मला मनी झाली, मनीषा, माझी एकुलती एक. ती शाळेत जायला लागली तवा मी टोपलीत पिना-फण्या घेऊन बाजारात बसायला लागले हुते, मालकांच्या एकट्याच्या कमाईवर भागत न्हवतं. थोरलीला ते आवडलं न्हाई, आमच्या घराण्यात बाई बाजारात बसली न्हाई म्हणायची. आणि मनीच्या डोक्यात उवा झाल्या तशी गावभर तिचं सुरू, बाजारातनं आणल्या हिनं, हिच्या माहेरचा माल हाय तो.

एक दिवस बाजार करून आले. मनी रोज वेशीपर्यंत पळत यायची, त्या दिवशी आली न्हाई. घरात बघितलं, परसात बघितलं. तर रांजणामागं बसलेली, डोक्याला माझ्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून. मी तो सोडला आणि काय सांगू ताई, नुसता नारळ. थोरलीनं न्हाव्याला बोलावून पोर भादरली हुती, मला न विचारता, मी घरात नसताना. पोर रडली बी न्हाई. म्हणली, आई, मी न्हाई गं आणल्या उवा.

मी टोपली अंगणात अशी आपटली की फण्या पार गोठ्यापर्यंत गेल्या. काय काय बोलले ते सांगण्यासारखं न्हाई. थोरली दारात उभी राहून म्हणली, केसच हायेत, परत येतील. बास. त्या दिवसापासून मी तिच्याशी शब्द बोलले न्हाई. चूल वेगळी केली, मधी भिंत घातली. थोरलीचे मालक वारले तवा सगळं केलं मी, पाहुण्यांचा स्वयंपाक केला, तिच्यापुढं ताट ठेवलं, पण जेवा म्हणले न्हाई. आमचे मालक म्हणायचे, अगं एवढा राग बरा न्हाई. मी म्हणायचे, तिला म्हणा एकदा चुकले म्हण. एकच शब्द. तेवढा भाव मी कमी करणार न्हाई.

आणि पोर भादरून त्या घरातल्या उवा गेल्या का? विचारा कुणालाही. न्हाई गेल्या.

आता हे या उन्हाळ्याचं. मनी नगरला असते, जावई एमआयडीसीत हायेत. सुट्टीला आली तिची ईश्वरी घेऊन. पोरीचे केस कमरेपर्यंत, कुणावर गेलेत कुणाला ठाऊक, आणि शाळेतनं आणलेल्या उवा. मनीनं मेडिकलमधनं औषध आणलं. मेडिकलवाल्यानं तिला बजावून सांगितलं हुतं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावा. मी म्हणले, हे तर माझ्या आईचंच बोलणं, नुसतं बाटलीत भरलेलं. आमी सगळ्यांनी लावलं, मालकांनी बी लावलं कुरकुर करत. मी फणी फिरवली. पोर साफ झाली. आणि आठवडा जातोय न जातोय तोवर परत खाज. परत औषध, परत फणी, परत साफ, परत खाज! मी तर चिडलेच. म्हणले उवा हायेत का भाडेकरू?

मनी बी वैतागली. तिची रजा संपत आली हुती. म्हणली, आई, बॉयकट करून टाकते हिचा, केस काय, परत येतात, माझे न्हाई आले? सहज बोलली ती. थोरलीचंच वाक्य माझ्या लेकीच्या तोंडात. आणि ईश्वरी कुठं दिसेना. बघते तर मोरीत पाण्याच्या पिंपामागं बसलेली, दोन्ही हातांनी वेणी धरून.

मी म्हणले, मने, मी जिवंत असेपर्यंत या पोरीच्या केसाला कात्री लागायची न्हाई. आणि ईश्वरीला जवळ घेऊन विचारलं, खरं सांग बाळा, तू खेळायला कुठं जातीस? तर पोर म्हणते, आजी, तू बाजारात गेलीस की मी मोठ्या आजीकडं जाते. आम्ही एका उशीवर झोपून मोबाईल बघतो. तिला पण खूप खाजतं. तिचं कुणीच बघत नाही.

झालं. एक डोकं राहिलं हुतं.

ताई, मी बाजारात कुणाच्या बापाला घाबरले न्हाई, पण त्या भिंतीला वळसा घालायला माझा पाय उचलेना. गेले शेवटी, फणी कमरेला खोचून. थोरली बाजेवर बसलेली, एकटीच, लेक तिचा पुण्याला. मी भिंतीकडं बघून म्हणले, पोरीच्या डोक्यात इथनं उवा येत्यात. ती आढ्याकडं बघून म्हणली, माझ्या डोक्यात कधी ऊ पडली न्हाई. मी म्हणले, मग ते पदरावर काय चालतंय, तीळ? तिच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. म्हणली, औषध नको, वास येतो. मी म्हणले औषध लावणार. ती म्हणली मग फणी माझी मी फिरवीन. मी म्हणले, हात वर करून दाखवा. तिनं उचलला. खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला, पुढं जाईना.

मग म्हणली, बुधवारी बस.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, बुधवारी कसं, तुमाला भाऊ हाय. तिनं हात खाली घेतला. म्हणली, गेला की गं द्वारके. बुधवार मोकळा झाला मला. ताई, मला ठाऊक हुतं. भिंतीतनं तिचं रडणं ऐकलं हुतं मी. तरी निघून गेलं.

बुधवारी दुपारी माझ्या ओट्यावर बसलो. खालच्या पायरीवर ईश्वरी, तिच्या मागं थोरली, तेवढ्या खाली तिचे हात पोचत हुते. थोरलीच्या मागं मी, माझ्या मागं मनी. अशी माळ मी कोपीसमोर बघितली हुती, त्यानंतर न्हाई. मग थोरली म्हणली, मने, तुझे केस लई दाट झालेत गं. मनी मागनं म्हणली, एकदा मुळासकट भादरले हुते ना, मोठी आई, त्यानं.

ईश्वरी म्हणली, कुणी भादरले? मग थोरली पुढं बघूनच म्हणली, द्वारके, कात्री असेल ना तुझ्या मालात. आण. काप माझे. फिटून जाऊ दे.

मी खरंच आणली. आजवर कितीदा मनात कापले हुते मी ते केस, कसे कापायचे ते बी ठरवलं हुतं, गुडघ्यापर्यंतचे, एका झटक्यात. डाव्या हातात धरले तर काय, उंदराची शेपटी. पांढरी, मूठ बी भरेना. उवांनी गच्च. एवढ्या दिवसांत कुणी हात घातला न्हवता त्यात.

मी कात्री बाजूला ठेवली. म्हणले, आक्का, या शेपटीला बाजारात कोण विचारणार? तोट्याचा सौदा मी करत न्हाई. मान खाली घाला. तिनं घातली. मागं मनीची फणी माझ्या डोक्यात थांबली हुती, ती परत चालायला लागली.

उवा गेल्या. औषध ठरल्या दिवशी परत लावलं, त्यावर फणी. ईश्वरी केसांसकट नगरला गेली, रोज फोनवर वेणी दाखवते. मी थोरलीला माझ्या टपरीतली एक चांगली लाकडी फणी दिली. म्हणून सगळं विसरले असं समजू नका. चुकले म्हणली न्हाई ती, म्हणायची बी न्हाई, ओळखते मी तिला. मी बी भाव उतरवला न्हाई. शब्द यायचा राहिलाय तो राहिलाय.

पण रोज दुपारी, बाजार नसला की, भिंतीपलीकडनं हाक येते. द्वारके, जरा बघ गं, खाजतंय. मी जाते. पदर बाजूला करते, बट न् बट वेगळी करून बघते. काही नसतं, ताई. एक लीख बी नसते. मी म्हणते, व्हय आक्का, सापडली, आणि नखावर नख दाबते. टक्.

तुमाला काय आशीर्वाद देऊ? तुमच्या घरात उवा न होवोत, पण म्हातारपणी डोक्यात हात घालणारं कुणी असो. आता उठते मी. ऐकलंत ना, हाक आली.