सळईला हात लावायचा नाही

ठेव. ठेव ती सळई खाली — जिथून उचललीस तिथंच. शेजारी नवीन राहायला आलायस म्हणून तोंडानं सांगतोय, नाहीतर तिच्यानंच सांगितलं असतं. दुसऱ्याचे निखारे हलवायचे नसतात, एल्बिओ. माणसाला तो कुणाला मत देतो ते विचारावं, त्याची बायको का सोडून गेली ते विचारावं — पण जाळीखालचे निखारे ज्यानं आग पेटवली त्याचेच. हे काय सांगायला लागतं? तुम्ही राजधानीतले, मोन्तेविदेओवाले, गॅसवर भाजत असाल, तिथं चालत असेल. इथं पायसांदूत चालत नाही. बस आता. स्टुलावर बस, त्या खुर्चीवर नको. का म्हणजे? मोकळी ठेवलीय. मोकळी का म्हणजे मोकळी, खुर्ची माझी आहे.

तर तुझी सासू येतेय आणि तू आणलायस स्वस्तातला मांडीचा तुकडा. बघू — हं. हे मांस नाही, बुटाचा तळवा आहे. खाटकानं तुझं तोंड बघितलं आणि दिलं काढून. आणि यावर तू लिंबू पिळून रात्रभर ठेवणार? कुणी सांगितलं, टीव्हीवरच्या बाईनं? लिंबानं मांस मऊ होत नाही, वरून पांढरं पडतं, आजाऱ्यासारखं, आणि आत होतं तसंच चिवट. पपई लावलीस तर लगदा — चमच्यानं खायला लागेल. व्हिनेगर, वाइन, कांद्याचा रस — हे सगळे चाळे ज्यांना आग येत नाही त्यांचे. नदीपलीकडचे आर्जेंटिनावाले तर लाकूडसुद्धा जाळत नाहीत, पिशवीतला कोळसा ओततात आणि वर जगाला शिकवायला निघतात. गाईच्या मांसाला लागतं मीठ, लागतात लाकडाचे निखारे, आणि लागतो तोंड बंद ठेवणारा माणूस. बस्स. सगळ्या गल्लीला विचार — या लादिस्लाओच्या अंगणात मांसाला मिठाशिवाय काही लागलेलं कुणी बघितलंय का. जन्मात नाही. मी चाळीस —

ते फडकं नको उचलूस. एल्बिओ, ते फडकं —

दूध आहे. दिसतंय मला दूध आहे ते, पातेलं माझंच आहे. मांजरासाठी ठेवलंय. नाहीये माझ्याकडे मांजर, माहितीये. येतं एक. पांढरं. लसूण घातलाय, तमालपत्र घातलंय — मग? मांजराला तोंडाला चव नको? बरं, झाक आता, माश्या बसतील. झाक म्हटलं ना.

मातांब्रे आहे तो. कातडं आणि बरगडी यांच्या मधला थर — चादरीसारखा पातळ आणि नुसता चिवट. जनावर आयुष्यभर ज्यानं कातडं थरथरवून माश्या हाकलतं ना, तोच. रात्रभर दुधात मुरला, सकाळपासून त्यातच मंद शिजलाय. आता सांगतोच — पण भिंतीपलीकडे गेलं तर तुझं भाडं वाढवायला मालकिणीला मीच सांगेन. वरची चरबी थोडी काढायची, सगळी नाही. रात्रभर दुधात. मग त्याच दुधात अगदी मंद आचेवर ठेवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, नुसतं थरथरलं पाहिजे — काटा आपोआप आत गेला की काढायचं. पुसायचं. कोरडं, एकदम कोरडं, वास राहता कामा नये. मग मीठ लावून जाळीवर, चरबीची बाजू खाली, चांगली करपेपर्यंत — म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे बापरे, हा काय दातांनी तुटणार? आणि कापायचं आडवं. धागा असा चाललाय ना, तर सुरी अशी. तुझ्या तुकड्यालाही चालेल. घेऊन जा हवं तर उरलेलं दूध. सासूला सांगू नकोस. म्हातारी माणसं चिडतात — त्यांच्यासाठी मऊ केलंय असं कळलं की चिडतात. ताटात ठेवून उठतात. मला माहितीये. मी उठलो असतो.

माझे दात आहेत. हे बघ. मागचे दोन सोडले तर सगळे जागेवर. ज्याला नाहीत त्याला नाहीत, त्याला मी काय करू? इसाबेलिनोला. माझा भाऊ. धाकटा. रिव्हेराला असतो, बायको गेल्यापासून एकटाच. बहीण फोनवर म्हणाली, पाव कॉफीत बुडवून खातो, तिन्ही त्रिकाळ तेच. कवळी करून दिली तर ती ठेवलीय कपाटात. म्हटलं, मला कशाला सांगतेस? मी काय दातांचा डॉक्टर? तर म्हणते, रविवारच्या बसनं येतोय तुझ्याकडे. असाच. मी बोलावलं नाही. म्हणजे ती म्हणाली येऊ दे का, मी म्हटलं रस्ता काय माझ्या बापाचा आहे.

भांडण कसलं? भांडण नव्हतं. भाचीचं लग्न होतं, आग माझी होती. सकाळपासून उभा होतो, डोळे धुरानं लाल. तर हा आला, हातात ग्लास, आणि सगळ्यांसमोर माझी सळई उचलली आणि निखारे ओढले. म्हणे, आग कमी आहे. आग कमी नव्हती — वारा होता. तेवढं गिळलं मी. पण जेवणं झाली, कुणीतरी ओरडलं, भाजणाऱ्यासाठी टाळ्या — आणि अख्खा मांडव टाळ्या वाजवायला लागला, आणि तो उठला. उठून वाकला. असा, छातीवर हात ठेवून, थेटरातल्या नटासारखा. माझ्या टाळ्या घेतल्या त्यानं, एल्बिओ. हसतोस काय? तुला म्हणून सांगतो, मी जाळी उचलली, त्यावर उरलेल्या बरगड्यांसकट, आणि गरमच्या गरम गाडीत टाकून घरी आलो. गाडीचं सीट जळलं. त्यानंतर आईच्या दफनाला दिसला, तिथं टाळ्या नसतात, म्हणून बरं गेलं.

दुधाचं मला कुणी शिकवलं? आईनंच. आमच्या आजोबांना दात नव्हते, त्यांच्यासाठी करायची, चोरून, वर करपवून. आणि आम्ही दोघं भाऊ टेबलाखाली हसायचो — आजोबा म्हणायचे, बघा, अजून कसं फाडून खातो मी. इसाबेलिनो तर पोट धरून हसायचा. तो विसरला असेल. विसरला नसेल. पहिल्या घासात ओळखेल तो, आणि मग — काय करेल? एक तर काटा खाली ठेवेल आणि संध्याकाळच्या बसनं परत. किंवा चावेल. नुसता चावेल, काही बोलणार नाही. तेवढं केलं तरी पुष्कळ झालं. ढोंग करू दे. मीही करीन. आजोबांनीही ढोंगच केलं असणार, आता वाटतं. त्यांना काय वास येत नव्हता दुधाचा?

किती वाजले? बस आली असेल. स्टॅंडवरून चालतच येईल, टॅक्सीला पैसे घालवणारा नाही तो. उचल ते पातेलं — मांस मी काढलंय — घेऊन जा तुझ्याकडे, दूध, लसूण, सगळं. फडकंही. लवकर. आणि जाता जाता ती सळई — हो, तीच, उचल, मी सांगतोय ना — तिकडे ठेव. खुर्चीच्या बाजूला. मूठ खुर्चीकडे. आणखी जवळ. बसल्या बसल्या हाताला येईल अशी. हं.

काय बघतोस माझ्याकडे? आग कमी वाटली तर कुणीतरी हलवायला नको का? वारा आहे आज.

फाटक वाजलं. मागच्या दारानं जा.