पप्पांचा एक्स-रे

आमच्या पप्पांचा खोकला तुम्ही ऐकलाय ना? त्याचंच सांगते. पप्पा आळेफाट्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतात. तिथे अजून अंधाऱ्या खोलीत, औषधांच्या टाक्यांत बुडवून फिल्म हाताने धुतात. त्या औषधांचा वास घशात बसतो. वास बाहेर जायला भिंतीत पंखा बसवला होता, पण त्याच्या फटीतून उजेड येऊन फिल्म खराब व्हायच्या, म्हणून पप्पांनीच त्यावर काळा कागद चिकटवला.

मागच्या आठवड्यात मम्मीने मला त्यांच्याबरोबर त्याच दवाखान्यात पाठवलं. "डॉक्टरला दाखवल्याबिगर यायचं न्हाई," म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "छातीचा एक्स-रे काढू." पप्पा उभे राहिले, सिस्टरनी बटण दाबलं. पण फिल्म धुणार कोण? ते काम दुसऱ्या कुणालाच येत नाही. मग पप्पाच आपली फिल्म घेऊन आत गेले.

आतून खोकला सुरू झाला. थांबेचना. मी दाराला हात लावला.

"उघडू नको गं! फिल्म जाईल!"

मी तशीच उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. "भाऊ, त्या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही. औषधांनी छाती खराब होतेय."

"बरं, साहेब."

तेवढ्यात सिस्टर एका आजींना धरून घेऊन आल्या. आजींचा हात सुजला होता.

डॉक्टरांनी आजींकडे पाहिलं, मग पप्पांकडे. "एवढी यांची फिल्म धुऊन टाका," ते म्हणाले.

पप्पा आधीच उठले होते.