पहिल्या बोंडाचा मान

लुईझा : अगं, पन नाव तरी सांग त्याचं! नाव नसलेली बी कोन पोटात घालतं?

कृष्णाबाई : नाव काय चाटायचंय? झाड माझ्या परसातलं, पानी माझ्या विहिरीचं. बोंड आपसूक उकललं, आत हे पांढऱ्या रेघांचे दाने. रोपं चर्चच्या सणातनं तूच आनलीस ना? एक मला, एक तुला. तुझं अजून नुसती पानं हलवतंय, म्हनून दुखतंय तुझ्या पोटात.

लुईझा : माझ्या दुखलं तर चालेल गं. संजनाच्या दुखलं तर? माझी सगळी नातवंडं कॅनडात. डोळ्यांसमोर ही एकच पोटुशी पोर हाय.

संजना : आजी, मी कॉलेजच्या मॅडमना फोटो पाठवलाय. रिप्लाय येऊ दे ना.

कृष्णाबाई : या घरात झाडाचं पहिलं फळ पोटुशीला. दारच्या आंब्याचं मी खाल्लं, तेव्हा तुझा सासरा पोटात होता. आंबा अजून धरतोय नि तुझा सासरा अजून खातोय.

लुईझा : तो आंबा होता. हे कोन हाय?

कृष्णाबाई : खार रोज खाते.

संजना : खार वायरपण खाते, आजी. गेल्या महिन्यात आपलं इंटरनेट तिनेच खाल्लं.

कृष्णाबाई : बरं, खार सोड. लुईझाच्या कोंबड्यांनी खाल्ले. ठनठनीत हायत.

लुईझा : माझ्या कोंबड्यांना कोनी घातले?

कृष्णाबाई : मग काय माझ्या कोंबड्यांना घालू? माझ्या अंडी देतात.

संजना : आजी, माझ्याकडे बघा. तुम्ही पण खाल्लेत ना?

कृष्णाबाई : ...चार. परवा. चुलीत भाजून.

संजना : आजी!

कृष्णाबाई : ओरडू नको, बाळ दचकेल. तुझ्या ताटात वाढायच्या आधी माझ्या पोटात नको जायला?

लुईझा : म्हनून काल कोळनीशी भांडली नाय! मी म्हटलं, म्हातारी आजारी पडली.

कृष्णाबाई : बोंबील ताजे होते, म्हनून नाय भांडले.

संजना : आणि तुम्हाला काही झालं असतं तर?

कृष्णाबाई : तर तुला कळलं असतं, खायचे नाय.

(संजनाचा फोन वाजतो.)

संजना : मॅडमचा मेसेज. ‘फोटोवरून नक्की सांगता येत नाही. पचिरा नावाचं झाड वाटतं. काही देशांत दाणे भाजून खातात, पण त्यांत अपायकारक तेल असल्याचंही अभ्यासात आढळलंय. गरोदर बाईने मुळीच खाऊ नये. आजींनीही नाही.’

कृष्णाबाई : ‘आजींनीही’ असं लिवलंय?

संजना : ते माझं.

लुईझा : झालं. दे टाकून. नि माझ्या कोंबड्यांपुढे नको!

कृष्णाबाई : टाकीन कशी? पहिलं बोंड हाय, त्याला मान हाय. संजना, ओढनी पसर.

संजना : मी खाणार नाही हं, आजी.

कृष्णाबाई : खा कोन म्हनतंय? पहिलं फळ पोटुशीच्या ओटीत घालायचं. तोंडात घाला असं माझी सासू म्हनायची, तिला कुठं मॅडम होती?

लुईझा : आनि मघापासून भांडत होतीस ते?

कृष्णाबाई : ते मघाचं. ये, तू पन घाल दोन. रोप तुझंच ना?

लुईझा : मी? ओटी? फादर काय म्हनतील?

कृष्णाबाई : सांग, पोरीला बियानं दिलं.

संजना : मग या दाण्यांचं मी करू काय?

कृष्णाबाई : पेर. कुंपनापाशी, लुईझाच्या बाजूला. तिकडे तिचं एकटंच हाय.