बारा लिहिलं होतं, बावीस निघाले

सन्माननीय अध्यक्ष, सायकल मंडळाचे कार्यवाह, बक्षीस द्यायला आलेल्या मोठ्या बाई, आणि समोर बसलेल्या सगळ्या ताई-दादांनो, तुम्हाला माझा नमस्कार.

एवढं पाठ करून आले होते. पुढचं जसं येईल तसं बोलते. मी सातवी शिकले, शिवणकाम करते, माइकसमोर पहिल्यांदाच उभी आहे. सहाशे चाळीस किलोमीटर सायकल मारली, पण हा माइक त्याहून अवघड.

तुम्ही ढाल दिलीत, गुच्छ दिलात. गुच्छ आमची मुलगी खातेय. ती बघा, तिसऱ्या रांगेत, बापाच्या मांडीवर. अहो, कागद काढा तिच्या तोंडातला! घरी मी ह्यांना अरे-तुरे करते. इथे मोठी माणसं बसलीत म्हणून 'अहो' चाललंय. मध्येच 'अरे' निघालं तर हसू नका.

सत्कार माझा करताय, पण सायकल ह्यांची. समुद्राच्या कडेकडेने टोकाच्या दीपगृहापर्यंत जायचं, हे वेडही ह्यांचंच. हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. लग्नाच्या आधीपासून एका मोठ्या कागदावर तो सगळा रस्ता काढून ठेवला होता. मागच्या वर्षी हृदय कमजोर निघालं. डॉक्टर म्हणाले, पेडल मारायचं नाही. घरी आल्यावर ह्यांनी सायकलवर जुनी चादर टाकली. मला ते बघवेना. म्हटलं, "मी जाते."

"तू? तुला सायकल धरून उभं राहता येत नाही!"

"मग शिकव की."

आठ महिने शिकवलं. गुडघे किती फुटले ते विचारू नका.

मुलीला आईकडे ठेवलं आणि निघालो. मी सायकलवर, हे स्कूटरवर पुढे. पाणी, केळी काढून वाट बघत थांबायचे. पाटी रंगवणारा माणूस, खिशात कायम खडू. फाटा आला की रस्त्यावर बाण काढायचा आणि बाणाखाली आकडा, मुक्काम किती राहिला त्याचा. अक्षर कसं? दुकानाच्या पाटीवर असतं तसं. एका आकड्याला तर सावली दिली होती. म्हटलं, अहो, गाड्या जातायत अंगावरून, सावल्या कसल्या काढत बसलाय?

सातव्या दिवशी वारा तोंडावर. मांड्यांचे दगड झालेले. बाणाखाली बारा लिहिलं होतं. पुढे एका चहाच्या टपरीला टेकले आणि मावशीला विचारलं, "पुढचं गाव इथून बाराच्या आतच ना?"

"कोण म्हणालं गं बारा? बावीस आहे. वर चढ."

"माझा नवरा म्हणाला."

"मग नवऱ्याने बनवलं तुला," आणि अशी हसली म्हणता!

सहा दिवस मला वाटत होतं, मीच रडतखडत चालवते. एवढ्याशा अंतराला एवढा वेळ लागतो, म्हणजे आपल्यातच काही दम नाही. आणि हे रोज कमी लिहीत होते.

बावीस मारले. पोचले आणि भर रस्त्यात भांडले. "खोटं का लिहिलंस?"

"बावीस बघून खाली बसली असतीस."

"बसले असते. रडले असते. मग उठून आले असते. पण किती उरलंय ते माझं मला माहीत असतं ना!"

ह्यांनी कान पकडले. पुढचे चार दिवस आकडे खरे. एकदा एकतीस दिसलं. पाणी पुरवून प्यायले, चढाला उतरून चालले, आणि पोचले.

दीपगृहाच्या पायऱ्या चढायला गेलो, तर सोळाव्या पायरीवर हे बसले. म्हणाले, "तू वर जा, काय दिसतं ते सांग." मी नाही गेले. शेजारीच बसले. दिसलं तेवढं पुष्कळ होतं.

आता जे सांगणार आहे ते सत्कारात सांगायचं नसतं, मला कळतं.

मागच्या आठवड्यात हे तपासणीला आत एकटेच गेले. बाहेर येऊन म्हणाले, "दहा वर्षं काळजी नाही." फाइल इंग्रजीत, मला काय कळणार? मी खूश. आणि काल कपाट आवरताना एक डबा सापडला. त्यात वह्यांवर लावायच्या चिठ्ठ्या. मुलीचं नाव, त्याच पाटीच्या अक्षरात. इयत्ता पहिली. दुसरी. तिसरी. थेट दहावीपर्यंत.

आमची मुलगी अजून दोन वर्षांचीही नाही हो. चपला उलट्या घालते.

दहा वर्षं आहेत, तर घाई कसली? रस्त्यावर कमी लिहायचास. आता जास्त सांगतोयस का?

घरी विचारलं की हा हसण्यावारी नेतो, विषय बदलतो, मुलीला उचलून बाहेर जातो. इथून कुठे जाणार? मान खाली घालू नकोस. इकडे बघ. मी चोवीस वर्षांची आहे आणि मला फार भीती वाटते. पण आकडा माहीत नसला की जास्त वाटते. मग मी प्रत्येक खोकल्याला दचकते, आणि तू गाढ झोपलास तरी छातीवर हात ठेवून बघते.

त्या रस्त्यावरचा उरलेला खडू माझ्या पर्समध्ये आहे. घरी गेलो की दाराच्या आतल्या बाजूला लिही. खरा आकडा. सावली नको काढूस. मी बसेन, रडेन, मग उठेन. तुला माहीत आहे मी उठते ते.

अध्यक्षसाहेब, पाच मिनिटं दिली होती, मी जास्त खाल्ली. मंडळाने माझ्यासारख्या बाईला बोलावलं, एवढा मान दिला, उपकार आहेत तुमचे. आनंदाच्या कार्यक्रमात घरचं दुखणं काढलं. आपली समजून पोटात घाला.

येते खाली. अरे, तिला माझ्याकडे दे आता. तुझा हात मोकळा हवा.